महिनाभराचा पेरू, एक्सेलमध्ये

पेरूला महिनाभर जायचं ठरलं की हौशी पर्यटक आधी एक्सेल उघडतो. त्यात इन्कांच्या माचू पिचूला तीन रंग, इन्कांआधीच्या हजारो वर्षांना मात्र एकही चौकोन नाही. सुमारे ५,००० वर्षांपूर्वीचं कारल हे शहर राजधानी लिमापासून काही तासांवर असूनही ‘वेळ उरला तर’मध्ये पडतं, कच्च्या विटांचं अख्खं शहर असलेलं चान चान तर यादीतच नाही.

सेल्फीच्या जागांना स्वतंत्र रकाना आहे.

कुस्को शहर सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, माचू पिचू त्याहून जवळपास हजार मीटर खाली. तरी विमानातून उतरल्या दुपारीच कुस्कोतले चार अवशेष ‘उरकायचे’ असतात. विरळ हवेला हे कुणी कळवलेलं नसतं; पहिला दिवस कोकाचा चहा पीत पलंगावर जातो. माचू पिचूला पायी नेणाऱ्या इन्का ट्रेलचा परवाना कित्येक महिने आधी काढावा लागतो आणि फेब्रुवारीत ती वाट बंद असते. हे कळतं तेव्हा साहेबांनी रजा फेब्रुवारीचीच मंजूर केलेली असते.