चाळीस शून्यं

फाइल उघडायची, एक स्पेस टाकायची, ती खोडायची आणि बोटांना सवय म्हणून सेव्ह मारायचं. प्रोग्रॅमर लोक हे दिवसभर करत असतात. मजकुरात कानामात्रेचाही फरक नसतो. फाइलवरची वेळ मात्र बदललेली असते, आणि फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या डोळ्यांत तेवढंच खुपतं.

लिनस टोरवाल्ड्सनं 2005 साली लिनक्स कर्नलसाठी गिट लिहिलं. कर्नलच्या हजारो फाइली प्रत्येक वेळी वाचत बसायचं म्हटलं, तर साधं स्टेटस यायलाही ताटकळावं लागलं असतं. म्हणून गिट आपल्या इंडेक्समध्ये प्रत्येक फाइलचा आकार, शेवटच्या बदलाची वेळ, आयनोड क्रमांक असलं टिपून ठेवतं आणि आधी तेवढंच ताडून बघतं. जुळलं तर सुटका. नाही जुळलं तर फाइल संशयित.

पुढचं सगळं विचारणाऱ्या कमांडवर. ‘गिट स्टेटस’ बिचारं सज्जन. संशयित फाइल वाचतं, हॅश म्हणजे मजकुराचा ठसा काढतं, तो जुन्याशी जुळला की इंडेक्समध्ये नवी वेळ टिपून गप्प बसतं. ‘गिट डिफ-फाइल्स’ला एवढी उसंत नसते. ते नावाआधी ‘मॉडिफाइड’चा ‘एम’ ठोकून मोकळं. जुना हॅश नीट छापतं आणि नव्याच्या जागी ओळीनं चाळीस शून्यं! म्हणजे ‘बदललेली दिसतेय, आत काय ते तुम्हीच बघा.’ शेजारणीची बातमी असते तशी: बाहेर चप्पल दिसली, पाहुणे आले.

सोर्सचा अख्खा फोल्डर दुसरीकडे कॉपी केला की आयनोड नवे, वेळा नव्या. मग डिफ-फाइल्स पानंच्या पानं ‘एम’ ओततं आणि नवखा पोरगा घामाघूम होतो. जवळचा जाणता नुसतं ‘गिट स्टेटस’ मारतो. पुन्हा डिफ-फाइल्स चालवावं, तर स्क्रीन कोरी. या ‘जादू’चं श्रेय तो मुकाट घेतो, हे वेगळं सांगायला नको.

फाइल चालवण्याच्या परवानगीची गोष्ट निराळी. फाइल 644 ची 755 झाली, तर एकही ओळ न बदलता डिफ येतो, आणि तो खराच असतो.

बदलांची नोंद ठेवणाऱ्या दुसऱ्या एका प्रणालीची, परफोर्सची, तऱ्हा त्याहून न्यारी. तिथे ‘एडिट’ म्हणून फाइल आधी रीतसर उघडायची. उघडून काहीच केलं नाही आणि तशीच सबमिट केली, तरी मूळ सेटिंगनुसार तिची नवी आवृत्ती नोंदली जाते. अक्षर न् अक्षर तेच, आकडा पुढचा! ‘रिव्हर्ट-अनचेंज्ड’ नावाचा उतारा आहे. तो आपल्या क्लायंटच्या सेटिंगमध्ये आपणच लिहायचा असतो.