त्यात काय बघायचंय मेलं!

रत्नागिरीत पारा 18 अंशांच्या आसपास उतरला की नानांच्या डोक्यावर कानटोपी चढते. त्यात घरी पाहुणे आलेले असले की नाना सकाळी सातलाच तयार होऊन ओटीवर येरझाऱ्या घालू लागतात. नाना काही एकच नव्हेत. आळीगणिक एक असतात. बँकेतून नाहीतर जिल्हा परिषदेतून निवृत्त, गुडघे अजून शाबूत, गावाची खडान्‌खडा माहिती, आणि ती ऐकून ऐकून विटलेलं घर. नवे कान मिळतात ते नाताळच्या सुट्टीत.

नानांचं सगळं शास्त्र एका वाक्यावर उभं आहे. कुठलंही ठिकाण आलं की आधी म्हणायचं, ‘त्यात काय बघायचंय मेलं!’ आणि मग तिथेच पाहुण्याला दीड तास उभं करायचं. नवखा माणूस इथे हमखास फसतो. त्याला वाटतं, नाना मोकळ्या मनाचे आहेत. म्हणून तोही मान डोलावतो, ‘हो, तसं विशेष काही नाही.’ झालं! पुढचा अर्धा दिवस नाना त्याच्याशी फक्त ‘हं’ वर बोलतात. गावाला नावं ठेवण्याचा हक्क नानांकडे वाडवडिलांपासून चालत आलाय, आणि त्याला ते कूळ लागू देत नाहीत.

यंदा पुतण्या आणि सूनबाई म्युनिकहून आले होते. गाडीत एक जागा उरली, म्हणून शेजारधर्माने मला कोंबलं.

सूनबाईंनी फोनमध्ये न्याहारीची चार ठिकाणं हेरून ठेवली होती. नानांनी ती चारही न बघताच खोडली. ‘घरात चूल पेटत्ये ना?’ मग पानात मऊभात आला. नानांनी त्याला चमच्याच्या पाठीने आळं केलं, आळ्यात तूप सोडलं, वर मेतकूट भुरभुरलं, बाजूला लोणच्याची फोड आणि भाजलेला पोह्याचा पापड. पापड मोडल्याचा आवाज झाल्याखेरीज नाना पहिला घास घेत नाहीत. पुतण्या सांगत होता, तिकडे नाताळच्या बाजारात लोक कडाक्याच्या थंडीत उभे राहून गरम वाईन पितात, दालचिनी-लवंगा घालून उकळलेली. ‘म्हणजे काढाच की,’ नाना म्हणाले. ‘आम्ही ताप आल्यावर पितो. आणि फुकट.’

थिबा पॅलेसच्या आवारात शाळेच्या सहलींच्या एसट्या उभ्या होत्या. नानांनी राजवाड्याकडे पाठ केली आणि समोरच्या आंब्याची फांदी न्याहाळली. ‘मोहोर बरा आहे. मळभ नको यायला, नाहीतर तुडतुडे.’ हिवाळ्यात रत्नागिरीकर कुठलीही वास्तू आधी अशीच बघतो. मग सुरुवात झाली. ‘काय आहे त्यात? तीन मजले आणि कोरीव खिडक्या.’ पुतण्या म्हणाला, म्युनिकलाही न्यूम्फेनबुर्ग म्हणून राजवाडा आहे, राजेलोक उन्हाळ्यात तिथे राहायला यायचे.

‘मर्जीने यायचे ना? मग त्यात काय मोठंसं? हा ब्रह्मदेशचा राजा. 1885 साली इंग्रजांनी राज्य घेतलं नि 1886 मध्ये इथे आणून ठेवलंन. चोवीस वर्षं भाड्याच्या बंगल्यांत काढली, तेव्हा कुठे 1910 ला हा वाडा मिळाला. त्यात राहिला सहा वर्षं. 1916 च्या डिसेंबरात गेला. तीस वर्षं राहिला बिचारा, आणि तुम्ही परवा गोव्याला निघालात!’

नानांचं खरं दुखणं इथे आहे. पुढे टिळक आळीत लोकमान्यांच्या जन्मघरासमोर ते उघडंच पडलं. 1856 मध्ये इथे जन्मले आणि दहाव्या वर्षी वडिलांच्या बदलीबरोबर पुण्याला गेले. सावरकर 1924 ते 1937 इथे राहिले, पण सरकारने जिल्ह्याबाहेर जायला बंदी केली म्हणून. म्हणजे जन्मतो तो जातो, आणि राहतो त्याला सरकारने आणून ठेवलेला असतो. नानांचे स्वतःचे दोन्ही मुलगे ठाण्याला असतात. हे ते बोलले नाहीत, पण टिळकांच्या घरासमोर त्यांचा सूर जरा जास्तच चढला होता.

पतितपावन मंदिराशी मात्र त्यांनी ठरलेलं वाक्य म्हटलं नाही. कानटोपी काढून काखेत धरली. 1931 साली भागोजीशेठ कीरांनी पदरचे पैसे घालून सगळ्या जातींना खुलं देऊळ बांधलं, एवढं सांगितलं आणि गप्प उभे राहिले. मिनिटभरच. मग ‘चला, मासे संपतील.’

खानावळीत पाहुण्यांनी सुरमई मागितली. नानांनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. सुरमई ही त्यांच्या मते ज्यांना काटे काढता येत नाहीत त्यांची सोय आहे. त्यांनी स्वतःसाठी तिरफळं घातलेला बांगडा सांगितला आणि सोलकढीची वाटी उजेडात धरली. ‘रंग फार देखणा आहे,’ ते म्हणाले. ही निंदा होती, पण वाढणाऱ्या पोराला ती कळली नाही. प्यायले मात्र तीन वाट्या.

रत्नदुर्गावर पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. घोड्याच्या नालासारखा किल्ला, तिन्ही बाजूंनी समुद्र, भगवतीचं देऊळ, पलीकडे दीपगृह, खाली मिरकरवाड्याच्या होड्या. सूनबाई कठड्याशी उभ्या राहून म्हणाल्या, ‘नाना, किती सुंदर आहे हो हे!’

नाना गांगरले. निंदेला उत्तर तयार असतं; स्तुतीचं काय करायचं ते त्यांना कुणी शिकवलेलंच नाही. शेवटी म्हणाले, ‘आत्ता काय, चुकीच्या वेळी आलात. पावसात बघायचं हे.’ पावसात आलेल्यांना ते मे महिन्यात आंब्याला यायला सांगतात, आणि मे महिन्यात आलेले घामाघूम झाले की, ‘थंडीत यायला हवं होतंत.’ बरोबर वेळी रत्नागिरीत आलेला पाहुणा माझ्या तरी पाहण्यात नाही.

रात्री ओटीवर पुतण्या म्हणाला, ‘नाना, आता तुम्ही दोघं या म्युनिकला. पुढच्या हिवाळ्यात.’

‘तिकडे काय बघायचंय मेलं? साडेचारला सूर्य मावळतो म्हणतोस. मग बघता कधी?’ नानांनी कानटोपी ओढून घेतली. थोडा वेळ गेला. ‘आणि तिकिटाला साधारण किती पडतात रे?’

‘अहो,’ काकू आतून म्हणाल्या, ‘दोघांचे पासपोर्ट मागच्याच वर्षी काढून आणलेत, तेही सांगा त्याला.’