निघालं काही?

"तू गेली होतीस म्हणे त्या शिबिराला?" भिंतीपलीकडून काकूंनी विचारलं. मी कपडे वाळत घालत होते. कुणी सांगितलं, हे विचारण्यात अर्थ नव्हता. आमच्या गल्लीत बातमी आधी काकूंना कळते, मग घडते.

"गेले होते की."

"मग? निघालं काही?"

हा प्रश्न बघा. बार्शीत कुणी डोळे तपासून आलं तर लोक विचारतात, नंबर किती आला? साखर तपासली तर, किती भरली? गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी म्हटली की मात्र एकच, निघालं काही? मी "काही नाही" म्हटलं तर काकूंचा चेहरा जरासा पडला.

"मग कशाला गेलीस गं? ज्याला काही होतंय त्यानं जावं. धडधाकट बाईनं उगा सापाच्या बिळात हात कशाला घालायचा?"

"धडधाकट असतानाच जायचं असतं, काकू. होतंय म्हणेपर्यंत उशीर झालेला असतो."

"हेच आशाताई पण सांगते. तिला काय, तिला फॉर्म भरायचे असतात. तंबाखू खाता का, कंबर किती इंच. माझी कंबर मोजायला आली होती!" मग इकडंतिकडं बघून त्या भिंतीला अजून चिकटल्या. "करतात काय तिथं?"

मी सांगितलं. पडदा लावतात. नर्सबाई असते, बाप्या नाही. कापसाच्या बोळ्यानं पातळ ॲसिटिक ॲसिड लावते, आपल्या व्हिनेगरमध्ये असतं तेच. मिनिटभर थांबते आणि उजेडात बघते. पांढरा डाग उठला तर पुढची तपासणी, नाही उठला तर पाच वर्षांनी या.

"एवढंच?"

"एवढंच. जरा गार लागतं."

काकूंना हे पटलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढं कॅन्सर म्हणजे त्यांची मामेबहीण. तिला परळला टाटात नेलं होतं. दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत घरची माणसं महिने महिने राहिली. विहिरीकडचं दोन एकर रान गेलं, वर बाई पण गेली. हे काकूंनी मला इतक्यांदा सांगितलंय की त्या रानात कुठली पिकं निघायची तेही मला पाठ आहे. तपासणी म्हटलं की त्यांना तो पांढरा डाग दिसत नाही, ते रान दिसतं.

"पण वेळेत सापडलं तर बऱ्याही होतात की."

"होतात ना!" काकू पटकन म्हणाल्या. "ती नाही का पलीकडच्या गल्लीतली, तिच्या पोरीला लातूरला दिलीय? तिचं सापडलं होतं. दवाखान्यात जाऊन आली चार दिवस, माहेरी जाते म्हणून. आता बघ कशी हिंडते टणटण. पण कुणाला सांगू नकोस हं. तेव्हा पोरीचं बघायचं चाललं होतं."

घ्या. गेलेल्या बाईची कथा सगळ्या गल्लीला पाठ, आणि वाचलेली बाई 'कुणाला सांगू नकोस'च्या कुलपात. मग लोकांना कॅन्सर म्हणजे मरणच वाटणार, दुसरं काय वाटणार? त्या बाईला तरी कसं नाव ठेवायचं? सोयरीक जुळवताना आईचं दुखणं पहिलं विचारतात. पोरीचं लग्न मोडलं तर ते शिबिरवाले जुळवून देणार आहेत का?

वर्तमानपत्रात मात्र दरवेळी छापून येतं, महिलांमध्ये जागरूकतेचा अभाव. मला राग येतो. अभाव कसला? बायका पक्का हिशोब करतात. खुरपायला जाणारीचं बघा. शिबिराचा एक दिवस म्हणजे एक हजेरी बुडाली. डाग निघाला तर दुसरा दिवस, तिसरा दिवस, सोबत नवरा, म्हणजे त्याचीही हजेरी. उपचार महात्मा फुले योजनेत बसतात, पण वडापचं भाडं, बाहेरचं जेवण, घरी म्हैस कोण बघणार, हे कुठल्या योजनेत बसतं? आणि एवढं करून बहुतेकींचं काहीच निघत नाही. म्हणजे घरी आल्यावर सासू म्हणणार, उगा गेलीस.

देशात 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी गर्भाशयाच्या मुखाची तपासणी कधी तरी झालेल्या किती? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 1.9 टक्के. शंभरात दोनसुद्धा नाहीत. हे मी काकूंना सांगितलं तर त्या उसळल्या.

"काहीतरीच! आमच्या माहेरी तर घरोघरच्या बायकांची झाली होती. वीस-पंचवीस वर्षं झाली असतील. आमची वहिनी गेली होती, तिची जाऊ गेली होती."

काकूंचं माहेर उस्मानाबादकडचं, आता धाराशिव म्हणायचं. आणि त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. आपल्या बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलनं टाटा आणि परदेशातल्या संस्थेबरोबर तिथं मोठा अभ्यास केला होता. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका. गावांचे चार गट पाडले, तीन गटांत तीन वेगवेगळ्या तपासण्या, चौथ्यात नेहमीसारखंच. 2009 मध्ये निकाल छापून आला तो साऱ्या जगानं वाचला. ज्या गटाला एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची, तपासणी एकदाच, फक्त एकदाच देऊ केली, तिथं आठ वर्षांत या कॅन्सरनं 34 बायका गेल्या. ज्या गटात तपासणी नव्हती तिथं 64.

"मग त्या चौथ्या गटातल्या बायकांचं काय?" काकूंनी विचारलं.

मला उत्तर देता आलं नाही. याच प्रश्नावर नंतर मोठमोठ्या लोकांची भांडणं झाली.

पण मला त्या अभ्यासातली दुसरीच गोष्ट मोठी वाटते. बोलावलेल्या दहा बायकांपैकी जवळजवळ आठ आल्या होत्या. याच दुष्काळी गावांतल्या, यातल्या कितीतरी निरक्षर. कारण दारात बाई येऊन नीट बोलली, तपासणी गावातच झाली, आणि निघालं तर पुढं कुठं जायचं ते ठरलेलं होतं. हिशोब बदलला, बायका आल्या.

"आणि फुकटचं म्हटलं की लोकांना किंमत नसते," काकू म्हणाल्या. "माझ्या पुतणीनं बघ, पैसे मोजून पिशवीच काढून टाकली. पस्तिशीत. डॉक्टर म्हणाला, सूज आहे, ठेवलीस तर कॅन्सर होईल."

पुतणी बीडकडं दिलेली. ऊसतोडीला जातात, नवरा-बायको मिळून एक कोयता. तोडीत एक दिवस खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, पाळीचं दुखणं असो नाहीतर ताप. 2019 मध्ये त्या जिल्ह्यातली ही प्रकरणं बाहेर आली. नीलम गोऱ्हेंची समिती बसली, 82 हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात 13 हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. कॅन्सरची भीती घालून काढलेल्या त्यात कमी नव्हत्या, आणि अनेकींनी त्यासाठी उचल घेतली होती.

म्हणजे 'कॅन्सर' या शब्दाला भिऊन फुकटच्या तपासणीला जायचं नाही, आणि त्याच शब्दाला भिऊन कर्ज काढून ऑपरेशन करायचं. वेडेपणा वाटतो ना? पण तपासणीनं खाडा वाचत नाही, वाढतो. ऑपरेशननं पाळी जाते, पाळीबरोबर खाडा जातो, आणि भीतीही जाते, असं निदान सांगितलं तरी जातं. एक मिनिटाच्या तपासणीत कुणाचा धंदा होत नाही, म्हणून ती सांगायला कुणी गाडी घेऊन येत नाही.

एवढं बोलेपर्यंत काकूंनी कनवटीची डबी काढून मिश्रीचं बोट दातांवरून फिरवलं. मी म्हटलं, "शिबिरात तोंड पण तपासतात बरं का. तीन बोटं एकावर एक धरून दातांमध्ये घालून बघा, जातात का."

काकूंनी घातली. तिसरं बोट अडलं.

"बोटं जाड आहेत माझी," त्या म्हणाल्या.

मी पुढं काही बोलणार तेवढ्यात त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारातून सून म्हणाली, "आई, मी जाऊ का मग उद्या? अजून एक दिवस आहे शिबिर."

"तुला कुणी बांधून ठेवलंय का?"

"परवा तुम्हीच म्हणालात, काय नडलंय म्हणून."

काकूंनी माझ्याकडं बघितलं, सुनेकडं बघितलं. "जा की. पोळ्या करून जा. आणि त्याला आत्ताच काही सांगू नकोस, मी सांगते माझ्या पद्धतीनं."

"तुम्ही पण चला ना आई, तोंड दाखवायला."

"मला काय धाड भरलीय!" काकू म्हणाल्या, आणि मला हळूच विचारलं, "किती वाजेपर्यंत असतात गं ते?"