विचाराधीन गृहस्थ

मनुष्यस्वभावाचे जे नानाविध नमुने आमच्या मध्यमवर्गात आढळतात, त्यांत वस्तू विकत घेणारा आणि वस्तू विकत न घेणारा हे दोन वर्ग सर्वपरिचित आहेत. परंतु या दोहोंच्या सरहद्दीवर, दोन्ही मुलखांचे परवाने खिशात बाळगून वर्षानुवर्षे मुक्काम ठोकणारा जो तिसरा वर्ग आहे, त्याची म्हणावी तशी दखल अद्याप कोणी घेतलेली दिसत नाही. घड्याळे, दुर्बिणी, कॅमेरे, फाउंटन पेने अशा सर्व प्रांतांत या वर्गाची तुरळक वस्ती आहे. मात्र त्याचा अस्सल आणि पूर्ण विकसित नमुना पाहावयाचा असेल, तर महागडा डिजिटल सिंथेसायझर घ्यावा की न घ्यावा, या एकाच दाव्याच्या सुनावणीसाठी ज्याने आपल्या चित्तात कायमची कचेरी उघडली आहे, अशा गृहस्थाचा परिचय करून घेतला पाहिजे.

हा गृहस्थ बहुधा पंचेचाळिशीच्या अलीकडे-पलीकडे असतो. पुण्यात राहत असल्यास कोथरूड किंवा बाणेर, आणि मुंबईकडे असल्यास ठाणे किंवा विलेपार्ले हे त्याचे वसतिस्थान. नोकरी संगणकाची, पगार बरा आणि घराचे हप्ते पगाराच्या तोलामोलाचे. बालपणी वडिलांनी त्याला पेटीच्या क्लासला घातले होते आणि गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांपैकी ‘प्रवेशिका पूर्ण’पर्यंत त्याने मजलही मारली होती, परंतु दहावीच्या वर्षी ती पेटी जी माळ्यावर गेली, ती तेथेच स्थायिक झाली. पुढे महाविद्यालयाच्या गॅदरिंगमध्ये कोणाचा तरी कॅसिओ मागून आणून त्याने एक गाणे वाजवले, त्याला टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्यांच्या मुद्दलावर तो आजतागायत व्याज खात आला आहे. शयनगृहाच्या एका कोपऱ्यात त्याचा ‘स्टुडिओ’ असतो. तेथे चादरीखाली झाकलेला एक कीबोर्ड, दोन स्पीकर, आणि सवलतीच्या दिवसांत घेतलेल्या अनेक संगणकप्रणाली एवढी सामग्री नांदत असते. पूर्णत्वास गेलेली रचना मात्र एकही नसते. अपूर्ण रचनांचे दप्तर तेवढे तारीखवार आणि अत्यंत नेटके लावलेले असते.

ज्या वस्तूवर त्याचा जीव जडला आहे, ती स्वीडनमधील स्टॉकहोम येथे ‘टीनेज इंजिनिअरिंग’ नामक एक हौशी कंपनी तयार करते. ‘ओपी-वन’ हे तिचे वाद्य २०११ साली बाजारात आले, आणि २०२२ साली त्याची ‘ओपी-वन फील्ड’ ही सुधारून वाढवलेली आवृत्ती निघाली, जिची किंमत १९९९ डॉलर, म्हणजे आपल्या चलनात दीड लाख रुपयांच्या वर, ठेवण्यात आली. एवढ्या द्रव्याच्या मोबदल्यात हाती येते ते काय म्हणाल, तर दप्तरातल्या कंपासपेटीचे भावंड शोभेल अशी, सहाशे ग्रॅमांच्या आसपास भरणारी एक चपटी पेटी, जिच्यावर गुंड्यांसारख्या चोवीस पट्ट्या आणि चार रंगांच्या चार खुंट्या असतात. तिच्यात एफएम रेडिओ आहे. चार मार्गिकांची ध्वनिमुद्रणाची फीतही आहे. ती खरी नसून संगणकाने घेतलेले फितीचे सोंग आहे, आणि त्या सोंगाची निष्ठा अशी की एका फितीवर सुमारे सहा मिनिटेच मावतात. स्वराचे तुकडे करून त्यास नाना वळणे देणारी एक युक्ती निवडली असता पडद्यावर चक्क एक गाय अवतरते. ही गाय का आहे, याचा खुलासा कोणी मागत नाही आणि कोणी करीतही नाही.

आता या वस्तूच्या बाजूने आणि विरुद्ध जेवढा म्हणून पुरावा पृथ्वीवर उपलब्ध आहे, तेवढा आमच्या गृहस्थाने गोळा केलेला असतो. त्याच्या संगणकातील तक्त्यात एका रकान्यात गुण, दुसऱ्यात दोष, तिसऱ्यात पर्यायी वाद्ये, आणि चौथ्यात हप्त्यांचा जमाखर्च अशी मांडणी असून, तिची टापटीप पाहून पेशव्यांच्या फडणिसालाही संतोष वाटला असता. त्याचा सर्वांत लाडका मुद्दा ऐतिहासिक आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांना १९६७ साली एका स्वरलहरीने दुसरीला वेगाने हेलकावे दिले असता घंटेपासून पितळी वाद्यांपर्यंतचे आवाज निर्माण होतात, असा शोध लागला. यामाहा कंपनीने तो वापरण्याचे हक्क घेतले आणि त्याच्या आधारे १९८३ साली ‘डीएक्स-सेव्हन’ हा जगप्रसिद्ध डिजिटल सिंथेसायझर काढला. त्या वेळी अमेरिकेत त्याची किंमत १९९५ डॉलर होती. “म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांत भाव वाढला किती? चार डॉलर!” असे म्हणून तो श्रोत्याकडे अशा विजयी मुद्रेने पाहतो की, ते चार डॉलर आपणच द्यावेत असे श्रोत्यास वाटू लागते. यावर एखादा चिकित्सक मित्र निदर्शनास आणतो की, डीएक्स-सेव्हनला एकसष्ट पट्ट्या होत्या आणि याला चोवीस आहेत. वजाबाकी केल्यास सदतीस उरतात, म्हणजेच तीन सप्तकांची एक अख्खी बाजाची पेटी या व्यवहारात गहाळ झालेली आहे. ही हरकत गृहस्थ तत्काळ दोषांच्या रकान्यात नोंदवून घेतो, कारण पुराव्याच्या बाबतीत तो कमालीचा प्रामाणिक असतो.

विरुद्ध पक्षाचा खरा जोरदार मुद्दा मात्र निराळाच आहे. डिजिटल सिंथेसायझर म्हणजे अखेर पेटीत बसवलेला संगणक; आणि संगणक तर घरात आहेच. ज्या डीएक्स-सेव्हनपायी एके काळी लोकांनी कर्ज काढले, त्याची हुबेहूब प्रतिकृती आज ‘डेक्स्ड’ या प्रणालीच्या रूपाने विनामूल्य मिळते. मग दीड लाख कशाचे? या प्रश्नाला गृहस्थ जे उत्तर देतो, ते त्याच्या साऱ्या युक्तिवादांत एकमेव सरळ आणि मनापासूनचे असते. तो म्हणतो की, ज्या पडद्यासमोर दिवसाचे दहा तास साहेबाची बोलणी खावयाची, त्याच पडद्यासमोर रात्री बसून भैरवी सुचत नाही. बोटांना खुंटी लागते, आणि जेथे सहा मिनिटेच उपलब्ध आहेत तेथे माणूस निदान सहा मिनिटांत काहीतरी बोलून मोकळा होतो. हे म्हणणे खोटे नाही. पेटीवर हयात घालवलेल्या कोणाही वादकास विचारा, वाद्य केवळ कानाचे नसून हाताचेही असते, असेच तो सांगेल. दुर्दैव इतकेच की, हा रास्त मुद्दा मांडून झाल्यावर गृहस्थ तेथे थांबत नाही, तर पूर्वाधार देऊ लागतो.

पूर्वाधारांची त्याच्याकडे वाण नाही. १९५४ सालच्या ‘नागीन’ चित्रपटातील ज्या पुंगीने अवघा देश डोलला, ती पुंगी नव्हतीच, तर कल्याणजींनी वाजवलेले क्लॅव्हिओलाइन हे विजेवर चालणारे परदेशी वाद्य होते, हे तो प्रथम ऐकवतो. आज देवळादेवळांतून वाजणारी पेटीसुद्धा परकीच. तिला हिंदुस्थानी संगीतास अयोग्य ठरवून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत आपल्या देवडीवर अडवून ठेवले होते, हे तो त्यानंतर सांगतो, आणि ज्या संगीत नाटकांवर महाराष्ट्र वाढला त्यांतून पेटी वजा केली तर काय उरेल, असा सवाल टाकतो. शेवटी येतात मुंबईचे चरणजित सिंग. १९८२ साली रोलँड कंपनीची तीन यंत्रे घेऊन त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले, तेव्हा त्या तबकडीकडे फारसे कोणी ढुंकून पाहिले नाही. २०१० साली ती परदेशातून पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे जाणते चकित झाले. एवढे सांगून गृहस्थ सूचक मौन धारण करतो. चरणजित सिंगांनी त्या यंत्रांवर दहा राग वाजवले होते, हा तपशील त्या मौनात अलगद बुडून जातो.

घरातील सुनावणी बहुधा रविवारी, दुपारच्या जेवणानंतर होते.

“अहो, घ्यायचा असेल तर घ्या एकदाचा,” गृहिणी म्हणते, “पण वाजवणार कधी?”

“प्रश्न वाजवण्याचा नाहीये. प्रश्न वर्कफ्लोचा आहे.”

“तो माळ्यावर मावेल ना?”

यावर प्रतिवाद संभवत नाही. तेव्हा गृहस्थ मातुःश्रींकडे वळतो आणि मोबाइलवर त्यांना त्या वाद्याचे चलच्चित्र दाखवतो. त्या चष्मा लावून ते शांतपणे पाहतात.

“गाय कशाला रे त्यात?”

“तो इफेक्ट आहे, आई.”

“एवढ्या पैशांत खरी आली असती. वासरासकट.” आणि थोडे थांबून, “त्यापेक्षा आपली पेटी काढ की. दोन सूर उतरलेत, तेवढे लावून आण.”

चिरंजीव कानातली यंत्रे न काढताच याचे ॲप मिळत नाही का, एवढे विचारून आपले मत नोंदवतात, आणि प्रकरण पुढील तारखेवर जाते.

दरम्यान जकातीचा प्रश्न उपस्थित होतो. जो मनुष्य प्राप्तिकराचे विवरणपत्र मुदतीच्या कितीतरी अगोदर भरतो, लाल दिव्यापाशी रात्री एक वाजताही गाडी थांबवतो, तोच मनुष्य दिवाळीस अमेरिकेहून येणाऱ्या भाच्याच्या बॅगेत, लोकरी कपड्यांच्या घडीत, ही वस्तू कशी राहील याचा अदमास घेऊ लागतो. भाच्याला पाठवण्याच्या विनंतिपत्राचा मसुदा तयार होतो, त्यातील ‘सीमाशुल्क’ हा शब्द दोनदा खोडून पुन्हा लिहिला जातो, आणि अखेर सदसद्विवेकबुद्धीचा जय होऊन पत्र न पाठवता फक्त भाच्याच्या प्रकृतीची चौकशी करण्यात येते. वस्तुतः त्याला जकातीची भीती वाटत नसते. खरी भीती अशी की, भाचा ‘हो’ म्हणेल.

येथेच या स्वभावाचे मर्म आहे. निकाल इच्छेने पहिल्याच दिवशी दिलेला असतो. बुद्धी ही तिच्या पदरची कारकून, ती मागाहून निकालपत्राचे कागद रंगवीत बसते. मग अंमलबजावणी का होत नाही? कारण ती झाली की दुसऱ्याच दिवशी सकाळी दुसरा, अधिक बिकट दावा उभा राहणार असतो, आणि त्यात तक्ते, पूर्वाधार, डॉलरचा भाव यांपैकी काहीही उपयोगी पडणार नसते. जोवर ते वाद्य स्टॉकहोममध्ये आहे, तोवर गृहस्थाच्या हातून गाणे का होत नाही याचे उत्तर तयार आहे. न घेतलेले वाद्य हा त्याच्या मौनाचा जामीन असतो, आणि आपला जामीन कोणी स्वखुशीने घरी आणून चादरीखाली झाकून ठेवीत नाही.

कधी कधी मात्र बोनस आणि वाढदिवस एकाच महिन्यात येतात आणि खरेदी घडते. मग आठ दिवस खोक्याच्या कारागिरीचे गुणगान होते, पडद्यावर ओरखडा पडू नये म्हणून संरक्षक पापुद्रा येतो, प्रवासासाठी कातडी पिशवी येते. प्रवास येत नाही. रेडिओ मात्र चालू राहतो, आणि दीड लाखाच्या त्या यंत्रावर मातुःश्री सकाळी अभंग ऐकू लागतात, जे त्याच्या आयुष्यातील सर्वांत नियमित आणि पवित्र कार्य ठरते. वर्ष उलटते, कंपनी काही नवे जाहीर करते, आणि जुने वाद्य ‘अत्यल्प वापरलेले, स्थिती उत्तम’ अशा जाहिरातीने दुसऱ्या एखाद्या विचाराधीन गृहस्थाच्या विचाराधीन होते. त्या जाहिरातीतील प्रत्येक शब्द सत्य असतो, हे या वर्गाच्या सचोटीचे लक्षण होय.

वाचकहो, असा गृहस्थ आपला स्नेही असेल आणि आपले मत विचारू लागला, तर ‘घे’ असेही म्हणू नये आणि ‘घेऊ नको’ असेही म्हणू नये, कारण दोन्ही मते त्याच्या तक्त्यात पूर्वीच दाखल आहेत. त्याला माळ्यावरची पेटी खाली काढावयास सांगावी आणि कोणतीही एक चीज आरंभापासून अखेरपर्यंत वाजवावयास लावावी. वाजवली, तर खुशाल नवे वाद्य घेऊ द्यावे. न वाजवली, तरीही घेऊ द्यावे, कारण घरात मातुःश्री आहेत आणि रेडिओ चांगला आहे. फक्त दोन्ही प्रसंगी पैसे उसने देऊ नयेत.