नारपोलीमार्गे आंबट-खारट

मीठ लावून उन्हात सुकवलेले आंबट फळ हा मुळातच प्रवासी पदार्थ आहे. मीठ फळातले पाणी ओढून घेते, उरलेले ऊन पळवते, आणि बुरशीला मुक्कामाला जागाच राहत नाही. असे फळ महिनोन्‌महिने टिकते, सांडत नाही आणि तोंडात टाकले की बोलघेवड्यालाही काही काळ गप्प बसवते. सहप्रवाशांना हा तिसरा गुण विशेष मोलाचा वाटतो.

या घराण्याची थोरली पाती चीनमध्ये. तिथे ‘मेई’ नावाचे फळ खारवून, वाळवून ‘हुआमेई’ करतात. ते प्लम म्हणून मिरवते, पण गोत्र जर्दाळूच्या जवळचे. त्याच फळाच्या जपानी उमेबोशीत परंपरेने वजनाच्या १८ ते २० टक्के मीठ पडते. डब्यातल्या पांढऱ्या भाताच्या मधोमध ती ठाण मांडून बसते. चिनी स्थलांतरितांबरोबर हा खाऊ हवाईत गेला, फिलिपिन्समध्ये ‘कियामोय’ झाला. बंदरागणिक नाव बदलले. खाणाऱ्याचा एक डोळा मिटणे मात्र सगळीकडे सारखेच.

महाराष्ट्रात हा मान आमसुलाचा. रातांबा चिरून बिया काढतात. साली मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात टाकतात. सुकल्या की पुन्हा रस, पुन्हा ऊन. पुटांवर पुटे चढून लाल साल काळीभोर आणि चिवट होते. देशावरची बोरे सुकून सुरकुततात, कुटली की बोरकूट होते. आवळ्याचा मीठ लावून वाळवलेला कीस म्हणजे आवळासुपारी. तिच्यात सुपारी औषधालाही नसते.

या खाऊची खरी परीक्षा नारपोलीच्या वाटेवर होते. ठाण्याहून कशेळी, काल्हेर, अंजूरफाटा करत भिवंडीच्या या यंत्रमागांच्या भागात शिरता येते. नकाशावर अंतर किरकोळ दिसते, कारण नकाशावर गोदामांचे कंटेनर दाखवत नाहीत. काल्हेरला तोंडात टाकलेले बोर अंजूरफाट्याला नुसती बी होऊन पोहोचते. रेल्वेने दिवा-वसई मार्गावरचे भिवंडी रोड स्थानक गाठता येते. पण गाड्या मोजक्याच, तेव्हा फलाटासाठी आणखी एक पुडी लागते.

मागावर काम करायला उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून माणसे भिवंडीत आली. उत्तरेकडच्यांचे आमचूर आणि आमपापड, तेलुगू घरांतली चिंच आणि कोकणातले आमसूल अशी आंबटाची तीन घराणी एकाच गावात नांदतात. आपलेच आंबट श्रेष्ठ, हे प्रत्येक घर मीठमिरची लावून सांगते. सुकवलेला आलुबुखारा मात्र या वादात पडत नाही. मुंबईकडच्या बिर्याणीत तो बटाट्याशेजारी दबा धरून असतो आणि त्याची आठोळी नेमकी घाईने जेवणाऱ्याच्याच दाताखाली येते.

पावसाळ्यात मीठ हवेतला ओलावा ओढते, म्हणून हा खाऊ कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावा. रक्तदाबवाल्यांनी बेतानेच खावा. इतरांनी नारपोलीला निघताना जातानाची आणि येतानाची पुडी वेगवेगळी बांधून घ्यावी. एकच घेतली तर ती कशेळीचा पूल ओलांडायच्या आत संपते.