१९ रुपये आणि एक छोटासा ब्रेक

मालिकेतल्या सुनेने मान वळवली, ढोल वाजले, तीच मान तीन बाजूंनी दाखवून झाली आणि आता खरं काय ते कळणार, इतक्यात पडद्यावर धुण्याची पावडर आली. आजोबांनी रिमोट सोफ्यावर टाकला. "दर महिन्याला पैसे भरतो ते काय हिचं धुणं बघायला?" आजी काही न बोलता कुकर लावायला उठल्या. ब्रेक संपेपर्यंत तीन शिट्ट्या झाल्या.

आजोबांचा सवाल घरोघरचा आहे आणि तसा जुनाही. दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या १ जानेवारी १९७६ पासून. तेव्हा टीव्ही बाळगायला परवाना लागे आणि त्याची फीही भरावी लागे. म्हणजे फी आणि जाहिरात ही जोडगोळी तेव्हापासूनची. ऐंशीच्या दशकात परवाना गेला. जाहिराती कुठल्या जायला!

मग केबल आली, डिश आली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये 'ट्राय' या दूरसंचार नियामक संस्थेची नवी दरपद्धत घरात पोचली. जे पाहाल त्याचेच पैसे द्या, असं तिचं म्हणणं. आजोबा खूश! केबलवाल्याने दिलेली यादी घेऊन ते पेन्सिल आणि चष्म्यासह टेबलाशी बसले. पहिल्या शंभर वाहिन्यांची जागा १३० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. हे नुसतं तार घरात आल्याचं भाडं. सशुल्क वाहिन्या वेगळ्या. स्टार प्लस १९ रुपये, झी टीव्ही १९, सोनी १९, कलर्स १९, आणि त्यावर पुन्हा जीएसटी. सुटं घेण्यापेक्षा पॅक स्वस्त पडतो हे कळल्यावर पेन्सिल खाली ठेवली गेली. त्या पॅकमधून कार्टूनच्या वाहिन्याही घरात आल्या. धाकटा नातू तेव्हा इंजिनिअरिंगला होता.

वाहिन्यांचीही बाजू आहे. क्रिकेटचे हक्क फुकट मिळत नाहीत, जाहिराती काढल्या तर १९ चे किती होतील याचा विचार करा, असं त्या सांगतात. वर्तमानपत्रही विकत घेता आणि त्यातही जाहिराती असतातच ना, हा त्यांचा हुकमी एक्का. कबूल! पण पेपरमधली जाहिरात पान उलटलं की संपते, ती संपेपर्यंत अग्रलेख थांबून राहत नाही. शिवाय महिनाअखेरीला रद्दीवाला चार पैसे देतो. पाहून झालेल्या मालिकेची रद्दी कोण घेणार?

गंमत पुढेच आहे. डीडी फ्री डिशला महिन्याची वर्गणी नाही. तिथे जागा मिळावी म्हणून खासगी वाहिन्या प्रसार भारतीच्या लिलावात कोट्यवधींची बोली लावतात. म्हणजे एका छत्रीखालच्या प्रेक्षकाकडून पैसे घ्यायचे आणि दुसरीखालच्यापर्यंत पोचायला पैसे मोजायचे. दोघांना दाखवायची धुण्याची पावडर मात्र एकच.

इंटरनेटवर सुटका होईल असं नातवाला वाटलं होतं. जून २०२५ पासून अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओनेही भारतात वर्गणीदारांना जाहिराती दाखवायला सुरुवात केली. नको असतील तर वर्षाला ६९९ रुपये जादा. जाहिरात पाहायचे नव्हे, न पाहायचे पैसे!

सशुल्क वाहिनीवर जाहिरातच नको, हा हट्ट टोकाचा झाला. पण मर्यादा हवी, आणि ती कागदावर आहेसुद्धा. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत तासाला १० मिनिटं जाहिराती आणि २ मिनिटं वाहिनीची स्वतःची जाहिरात, अशी कमाल १२ मिनिटं ठरली आहेत. 'ट्राय'ने ती पाळायला लावायची म्हटल्यावर वाहिन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं. प्रेक्षकाकडून १९ रुपये वेळच्या वेळी घेणाऱ्यांनी ही १२ मिनिटंही पाळावीत, एवढी मागणी रास्तच आहे. तोवर वाचकहो, पुढचं रिचार्ज करण्याआधी पॅकची यादी शेवटपर्यंत वाचा. कोणी पाहतच नाही अशी वाहिनी काढून टाकायला कुणाची परवानगी लागत नाही.