खव्याची जिलबी ही जिलबी आहे का?

जबलपूरच्या खव्याच्या जिलबीला जिलबी म्हणायचं का, यावर एकमत अवघड आहे. रंग काळपट, अंग जाड, कुरकुरीतपणाशी वैर, आणि जिभेला दाट संशय गुलाबजामाचा. तरी मागताना कुणी अडखळत नाही. आकडेमोडीच्या ‘नमपाय’ या, पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या लायब्ररीवर लोक चिडतात, ते नेमके अशाच कोड्यामुळे. तिचा दशांश आकड्यांचा ‘फ्लोट६४’ पुढे करून पायथनला विचारा, हा तुमच्या फ्लोटांपैकी का? हो, घरचाच! पूर्णांकांचा ‘इंट६४’ तुमच्या इंटांपैकी का? छे, ओळखत नाही. ‘फ्लोट३२’लाही दारातूनच नमस्कार.

हा उघड पंक्तिप्रपंच वाटतो. मला मात्र हा प्रामाणिकपणा वाटतो. पायथनचा इंट मेमरी पुरेल तितका फुगतो. इंट६४ला ८ बाइटांची खोली. ९२२३३७२०३६८५४७७५८०७ भरले की ॲरेमध्ये, म्हणजे आकड्यांच्या रांगेत, पुढचा १ मिळवताच चकार शब्द न काढता तो थेट उण्यात जातो. अशाला सख्खा भाऊ कोण म्हणेल? फ्लोट६४ आणि पायथनचा फ्लोट मात्र आतून एकच, दोघेही ६४ बिटांचे. आडनाव नव्हे, स्वभाव पाहिला गेला.

‘आकडा तो आकडा, एवढी चौकशी कशाला?’ असं कुणी म्हणेल. त्यानं जबलपूरचा मटार घ्यावा. साडेतीन किलो मागता येतो, साडेतीन दाणे नाही. पण ‘मग खरं-खोटं सांगणाऱ्या बूलचं काय?’ हा आक्षेप जड आहे. पायथनमध्ये ‘खरं’ अधिक ‘खरं’ बरोबर २, कारण २००३च्या २.३ आवृत्तीत खऱ्याखोट्याला वेगळं नाव मिळालं, तरी जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून बिऱ्हाड इंटच्याच घरात राहिलं. नमपायनं आपल्या बूलची चूल वेगळी मांडली, हे बरं केलं. नमपायच्या ‘इझस्केलर’ या तपासनीसावरही असाच आक्षेप: त्याला ‘नर्मदा’ हा शब्द दिला तर तो हो म्हणतो, आणि ३.१ एकटाच ॲरेत घालून दिला तर नाही. कारण तो आकडा शोधतच नाही, सुटेपणा पाहतो. डब्यात एकच लाडू असला तरी डबा तो डबाच. ‘नॅन’चा बचाव मात्र मी करणार नाही. ‘आकडा नव्हे’ हे त्याच्या नावातच, जात फ्लोट, आणि स्वतःशी तुलना केली तर स्वतःलाही ओळखत नाही!

२०२४च्या नमपाय २.० मध्ये ‘इझडीटाइप’ हा नवा तपासनीस आला. पूर्णांक आहे की दशांश, हे त्याला सरळ विचारता येतं. जिलबीसाठी तशी सोय अजून नाही. तूर्त पाव किलो म्हणावं, वजनावर मिळते.